हात लावण्यापूर्वी

चोराला आपण चोरी करीत आहोत हे ठाऊक असते. खोटी साक्ष देणाऱ्याला ती खोटी आहे हे ठाऊक असते. परंतु मनुष्याच्या हातून असेही एक नुकसान घडते की ज्यात राग नाही, लोभ नाही, कपट नाही. करणाऱ्याला ते दिसत नाही. सोसणाऱ्याला ते कोणापासून आले हे कळत नाही. मागाहून कोणी शोध घेऊ म्हटले तर पुरावाही बहुधा सापडत नाही. अशा नुकसानीला अपराध म्हणावयाचे काय? म्हणावयाचे असेल तर तो अपराध कोणाचा, आणि नेमका कोणत्या क्षणी घडला?

हा प्रश्न केवळ पंडितांनी वाद घालण्याचा नाही. कोविडच्या महामारीत तो प्रत्येक इस्पितळात, प्रत्येक खाटेपाशी उभा होता. तो सर्वांत अधिक कोणापुढे उभा होता, तर वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या तरुण-तरुणींपुढे. कारण सवयी जडण्याचे वय तेच, आणि खाटेमागून खाटेकडे जाऊन, अनेक रुग्णांना हात लावून शिकावयाचे तेही त्यांनीच. म्हणून ह्या लेखात त्यांच्या एका अगदी लहान सवयीचा विचार करावा असे आम्ही योजिले आहे. ती सवय म्हणजे हात धुणे. विषय लहान म्हणून वाचकांनी पान उलटू नये अशी विनंती आहे. आमच्या मंडळ्यांतील कित्येक घरांतून मुली नर्सिंगला व मुलेमुली डॉक्टरकीला जातात. त्यांच्यासाठी तरी हा विचार आम्ही केलाच पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने इस्पितळात हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले आहेत. पहिला, रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी. दुसरा, सुई, सलाईन, जखमेची पट्टी असे निर्जंतुकपणे करावयाचे काम हाती घेण्यापूर्वी. तिसरा, रक्त किंवा शरीरातील इतर द्रव हातास लागण्याचा संभव आल्यावर. चौथा, रुग्णाला स्पर्श केल्यावर. पाचवा, रुग्णाच्या खाटेला, चादरीला, भोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यावर. साबण व पाण्याने धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात, सॅनिटायझर चोळण्यास २० ते ३० सेकंद पुरतात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा हे पाच प्रसंग पाठ म्हणून दाखवील.

आता ह्या पाचांकडे थोडे निरखून पाहा. दोन प्रसंग आधीचे आहेत, तीन नंतरचे आहेत. नंतर हात धुतले म्हणजे धुणाराचे स्वतःचे रक्षण होते. पुढच्या रुग्णाचेही होते, हे खरे. पण स्वतःचे तर होतेच. आधी हात धुतले म्हणजे मात्र रक्षण होते ते समोर निजलेल्या रुग्णाचे. साबण तोच, पाणी तेच, हातही तेच. तरी हेतूच्या दृष्टीने ही दोन कामे एक नव्हेत. जगभरच्या इस्पितळांत ज्यांनी ज्यांनी ह्या गोष्टीची मोजदाद केली, त्यांना बहुधा एकच अनुभव आला: हात लावल्यानंतर धुणारे पुष्कळ, हात लावण्यापूर्वी धुणारे त्यांहून कमी. हा फरक कोठून येतो, आणि तो कसा भरून निघेल, हाच आमच्या मते ह्या विषयातील खरा नैतिक प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचा इतिहास व्हिएन्ना शहरापासून पाहावा लागतो. तेथील सरकारी इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. १८४० नंतर पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुइणींचे शिक्षण होई. दोन्हीकडे इमारत तीच, अन्न तेच, गरीब बायकाही त्याच वर्गातल्या. परंतु १८४६ साली पहिल्या विभागात ४०१० बाळंतपणांमागे ४५९ बायका बाळंतज्वराने दगावल्या, आणि दुसऱ्या विभागात ३७५४ बाळंतपणांमागे १०५ दगावल्या. शहरातील गरीब बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून त्या हात जोडून विनवीत असत.

त्या विभागात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण साहाय्यक डॉक्टर होता. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचे स्नेही प्रोफेसर कोलेच्का हे वारले. शवविच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या मृत शरीराची तपासणी झाली तेव्हा जे बदल आढळले, ते बाळंतज्वराने मेलेल्या बायकांच्या शरीरांत आढळणाऱ्या बदलांसारखेच होते. सेमेलवाइसच्या मनात उजेड पडला. विद्यार्थी सकाळी शवागारात प्रेते तपासीत आणि तेथूनच बाळंतिणींना तपासावयास येत. सुइणी शवागारात जात नसत. मृत्यू विद्यार्थ्यांच्या हातांवरून चालत येत होता. मे महिन्यापासून त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात, म्हणजे आज आपण ज्यास ब्लीचिंग पावडरचे पाणी म्हणतो तशा पाण्यात, हात धुतल्याखेरीज कोणी रुग्णास हात लावू नये असा नियम घातला. एप्रिलमध्ये शेकडा १८ बायका मेल्या होत्या. जूनमध्ये ते प्रमाण शेकडा सुमारे २ वर आले. १८४८ साली पहिल्या विभागात ३५५६ बाळंतपणांमागे ४५ मृत्यू झाले.

ह्या हकीकतीत एक गोष्ट विसरता कामा नये. ते विद्यार्थी वाईट नव्हते. उलट जो अधिक मेहनती, जो शवागारात अधिक वेळ घालवून शरीरशास्त्र शिके, त्याच्याच हातांवरून अधिक मृत्यू येत असला पाहिजे. सेमेलवाइस स्वतः अतिशय परिश्रमी होता, आणि ह्या हिशेबात आपलेही हात आहेत हे त्याने लपविले नाही. जंतूंचे शास्त्र तेव्हा जन्मास यावयाचे होते. जोवर ठाऊक नव्हते तोवर त्या तरुणांवर कोणी दोष ठेवणार नाही. त्यांच्या हातून मृत्यू झाले एवढे म्हणता येईल, पण त्यांनी अपराध केला असे म्हणता येणार नाही.

परंतु जून १८४७ नंतर काय? आता आकडे समोर होते. तरीही पुष्कळ थोर डॉक्टरांनी ही गोष्ट मानली नाही. अमेरिकेत ऑलिव्हर वेन्डेल होम्स यांनी १८४३ सालीच लिहून ठेवले होते की हा ताप डॉक्टरांच्या हातून एकीकडून दुसरीकडे जातो. त्यांच्याविरुद्ध फिलाडेल्फियाचे नामांकित प्रोफेसर चार्ल्स मेग्ज हे कडाडून उठले. ह्या विरोधाची कारणे शास्त्रीय होती हे खरे, पण केवळ शास्त्रीय नव्हती. प्रतिष्ठित माणसाला आपले हात घाण आहेत हे ऐकवत नाही. जे हात बरे करण्यासाठी पुढे होतात ते मारतातही, हे कबूल करणे फार जड जाते. सेमेलवाइसला १८४९ साली ती जागा सोडावी लागली. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६७ साली, जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक अॅसिडने जखमा निर्जंतुक करण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली.

म्हणजे पहिला मुद्दा निघतो तो असा: कळण्यापूर्वी जे दुर्दैव असते, ते कळल्यानंतर कर्तव्यच्युती होते. कृती तीच राहते, परिणाम तोच राहतो. बदलते ते मनुष्याचे उत्तरदायित्व. आजच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला कळले नव्हते असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. आपल्या देशात २०१९ पासून एम.बी.बी.एस.चा जो नवा अभ्यासक्रम सुरू झाला, त्यात प्रवेश घेतल्याबरोबर होणाऱ्या पायाभूत वर्गातच संसर्गापासून बचावाचे नियम शिकविले जातात. तेव्हा प्रश्न अज्ञानाचा नाही. जाणतो तरी करीत नाही, हे दुखणे वेगळेच आहे, आणि ते आम्हां सर्वांच्या ओळखीचे आहे.

आता महामारीकडे येऊ. ३० जानेवारी २०२० रोजी भारतात कोविडचा पहिला रुग्ण आढळला. केरळातील ती तरुणी चीनमध्ये वूहान येथे वैद्यकीय शिक्षण घेत होती. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही महामारी असल्याचे म्हटले, आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. वर्ग बंद पडले, वसतिगृहे रिकामी झाली, विद्यार्थी घरोघर परतले. इंटर्न आणि निवासी डॉक्टर मात्र वॉर्डातच राहिले. पुढे दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, ३ मे २०२१ रोजी, केंद्र शासनाने इंटर्न डॉक्टरांना अध्यापकांच्या देखरेखीखाली कोविडच्या कामी घेण्याचे ठरविले. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सौम्य रुग्णांची देखरेख व फोनवरून सल्ला देण्याचे काम देण्याची मुभा दिली. बावीस-तेवीस वर्षांची ही मुले. पीपीई किट घालून तासन् तास घामाने भिजत उभी राहिली. किट चढविण्यापेक्षा उतरविण्यात धोका अधिक असतो, कारण बाहेरची बाजू दूषित झालेली असते. थकलेल्या हातांनी एकेक वस्तू ठरलेल्या क्रमाने काढावयाची, हात पुन्हा पुन्हा स्वच्छ करावयाचे, आणि मास्क शेवटी काढावयाचा. ह्या मुलांनी जे केले त्याबद्दल देवाचे आभार मानल्याशिवाय पुढे लिहवत नाही.

त्या दिवसांत हात धुण्याचे काय झाले? अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या इस्पितळात खोलीत जाता-येता हात स्वच्छ केले की नाही ह्याची नोंद यंत्रे करीत असत. महामारीपूर्वी हे प्रमाण शंभरात सुमारे ५४ होते. मार्च २०२० च्या अखेरीस ते ९२ वर गेले. आणि ऑगस्टच्या मध्यास? पुन्हा सुमारे ५१. साथ संपली नव्हती. रोग खात्रीने बरा करणारे औषध सापडले नव्हते. लस यावयाची होती. नियमही बदलले नव्हते. बदलली होती ती एकच गोष्ट: भीतीची सवय झाली होती.

भयाने सवय लवकर लागते आणि लवकरच सुटते. कारण भय हे पहिल्याने स्वतःविषयी असते. महिना गेला, दोन महिने गेले, आपल्याला काही झाले नाही, की मन म्हणते, आपण त्यांतले नव्हे. दररोज रोग्यांत वावरणाऱ्या माणसाला तर हा भ्रम फार लवकर होतो. तेव्हा महामारीने जगाला हात धुण्यास शिकविले असे जे म्हणतात ते अर्धेच खरे. महामारीने नंतरचे हात धुणे शिकविले. आधीचे हात धुणे भयाने शिकविता येत नाही.

मग दुसरा उपाय म्हणून पहारा ठेवावा काय? त्याचाही अनुभव लोकांनी घेतला आहे. कॅनडातील टोरोंटो येथे एका मोठ्या इस्पितळात असे आढळून आले की तपासनीस दृष्टीस पडत असला म्हणजे हात स्वच्छ करण्याचे प्रमाण सुमारे तिपटीने वाढते. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. हे वाचून आम्हांस हसू येण्याचे कारण नाही. पाहणारा असला म्हणजे एक आणि नसला म्हणजे एक, अशी तोंडदेखली सेवा डॉक्टरांतच आहे असे थोडेच आहे! प्रेषित पौलाने इफिसच्या मंडळीतील दासांना नेमक्या ह्याच दोषाविषयी सावध केले होते. पहारा उपयोगी आहे, पण पहारेकरी रात्री तीन वाजता वॉर्डात नसतो. आणि रुग्ण मात्र रात्री तीन वाजताही असतो.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसून आले की खोलीत हुद्द्याने वरचा मनुष्य असला आणि त्याने हात धुतले नाहीत, तर बरोबरचे लोकही धुण्याचे टाळतात. वर्गात शिकविलेले परीक्षेपर्यंत टिकते. वॉर्डात पाहिलेले मात्र जन्मभर टिकते. राउंडवर प्रोफेसर एका खाटेवरून सरळ दुसऱ्या खाटेवर गेले की मागून येणाऱ्या दहा विद्यार्थ्यांना एक धडा मिळतो, आणि तो कोणत्याही पुस्तकात छापलेला नसतो. व्हिएन्नातही असेच एकदा घडले होते. १८४७ च्या ऑक्टोबरात राउंड जेथून सुरू होई त्या पहिल्या खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगाची एक बाई होती, आणि तिच्या व्रणातून स्राव होत असे. तिला तपासून साध्या साबणाने हात धुऊन मंडळी पुढे गेली. पुढच्या बारा बाळंतिणींपैकी अकरा मरण पावल्या. त्यानंतर प्रत्येक रुग्णाच्या मध्ये चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम झाला.

तर भय पुरत नाही, पहारा पुरत नाही. तिसरे काही आहे काय? आहे, आणि ते आम्हांला फार आशेचे वाटते. २०११ साली अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी एका इस्पितळातील केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सॅनिटायझरच्या डब्यांजवळ त्यांनी पाट्या लावल्या. काही पाट्यांवर अशा अर्थाचा मजकूर होता की हात स्वच्छ ठेवल्याने तुम्ही आजारातून वाचता. काहींवर अशा अर्थाचा की हात स्वच्छ ठेवल्याने रुग्ण आजारातून वाचतात. फरक एका शब्दाचा. पहिल्या पाटीने काही फरक पडला नाही. दुसऱ्या पाटीजवळच्या डब्यांतील सॅनिटायझरचा वापर मात्र सुमारे पंचेचाळीस टक्क्यांनी वाढला.

ह्याचा अर्थ काय? मनुष्य स्वतःच्या बाबतीत फार लवकर निर्धास्त होतो, पण दुसऱ्याची आठवण करून दिली तर अजूनही जागा होतो. आधीचे हात धुणे लोक टाळतात ते दुष्टपणाने नव्हे. रुग्ण समोर असूनही तो क्षणभर मनातून निसटतो म्हणून. त्याची आठवण मनात आली की हात आपोआप नळाकडे वळतो. शोमरोनी माणसाने वाटेवर पडलेल्या मनुष्याला पाहिले आणि त्याला कळवळा आला. त्याचे काम एका परीने सोपे होते; त्याचा शेजारी त्याच्या डोळ्यांसमोर रक्तबंबाळ होऊन पडला होता. वैद्यकीय विद्यार्थ्याचा शेजारी अजून धडधाकट दिसतो. त्याला जखम व्हावयाची आहे, आणि ती होऊ नये एवढेच ह्याने करावयाचे आहे. जी जखम झालीच नाही तिच्याबद्दल कोणी आभार मानीत नाही. ज्या प्रीतीचे कोणी कधी आभार मानणार नाही ती प्रीती करणे हे फार कठीण काम आहे, आणि म्हणूनच त्याला सवयीचा आधार लागतो.

येथे आमचे काही वाचक एक शंका काढतील. शब्बाथशाळेत आम्ही मुलांना शिकवितो की हात धुण्यावरून परूश्यांनी शिष्यांना दोष दिला तेव्हा प्रभूने परूश्यांचीच कानउघाडणी केली. मग हात धुण्याचे एवढे माहात्म्य कशासाठी? मार्ककृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय पुन्हा उघडून पाहावा. तेथे प्रभूने पाण्याला दोष दिलेला नाही. त्याच संभाषणात त्याने कुर्बानाची गोष्ट काढली आहे: देवाला वाहिले असे म्हणून आईबापांना द्यावयाचे ते चुकविणारे लोक. म्हणजे दोष होता तो हा की धर्माच्या नावाने चाललेली कृती माणसाला माणसापासून दूर नेत होती. ते हात धुणे स्वतःला शुद्ध ठरविण्यासाठी होते. वॉर्डातले आधीचे हात धुणे दुसऱ्याजवळ जाण्यासाठी आहे. शास्त्रात पिलातानेही हात धुतले. लोकसमुदायासमोर, सर्वांना दिसेल असे धुतले, आणि समोरच्या मनुष्याविषयीची जबाबदारी आपल्यावरून उतरविण्यासाठी धुतले. पाणी तेच, पण एकजण जबाबदारी झटकण्यासाठी हात धुतो, दुसरा ती पत्करण्यासाठी.

दुसरी शंका विश्वासाविषयी आहे. महामारीत पुष्कळ मंडळ्यांत हा वाद झाला. उपासना बंद का, मास्क कशासाठी, ज्याचा देवावर भरवसा आहे त्याला एवढी खबरदारी कशाला? ह्याचे उत्तर आमच्याच परंपरेत पाचशे वर्षांपूर्वी दिलेले आहे. १५२७ साली विटेनबर्ग शहरात प्लेग आला. विद्यापीठ येना येथे हलविण्यात आले, पण मार्टिन ल्यूथर गावातच राहिला आणि आजाऱ्यांची काळजी घेत राहिला. घातक साथीपासून पळून जावे काय, असा प्रश्न ब्रेस्लाउ येथील पाळकांनी त्याला विचारला होता. त्याचे उत्तर त्याने त्याच वर्षी छापले. ज्याच्यावर शेजाऱ्याची जबाबदारी आहे त्याने पळू नये, हे त्याने ठासून सांगितले. पण त्याच पत्रात त्याने हेही लिहिले की औषध घ्यावे, घर धुरी देऊन शुद्ध करावे, जेथे आपली गरज नाही तेथे जाऊ नये. जो निष्काळजीपणाने साथ स्वतःवर ओढवून घेतो आणि दुसऱ्याला देतो, तो देवाची परीक्षा पाहतो, आणि त्या दुसऱ्याच्या मृत्यूचा जाब त्याला द्यावा लागेल. धैर्य आणि खबरदारी ह्या दोन गोष्टी ल्यूथरने एकमेकींच्या विरुद्ध मानल्या नाहीत. दोहोंचे मूळ एकच, शेजारी.

तरी सगळा भार एकट्या विद्यार्थ्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. चाळीस खाटांच्या वॉर्डात एकच बेसिन, त्याचाही नळ गळका, साबण संपलेला, आणि डोक्यावर चोवीस तासांची ड्यूटी, अशा स्थितीत सद्सद्विवेकबुद्धीवर व्याख्यान देणे सोपे आहे. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा येथील विद्यापीठाच्या इस्पितळात डॉ. दिदिए पिते यांनी प्रत्येक खाटेपाशी सॅनिटायझर ठेवविले, भिंतींवर चित्रे लावविली आणि वरिष्ठांना पाठीशी घेतले. तेव्हा १९९४ साली शंभरात ४८ असलेले प्रमाण १९९७ साली ६६ वर गेले. चांगुलपणालाही हाताशी भांडे लागते. जो अधिकारी ते भांडे ठेवीत नाही, जो वरिष्ठ स्वतः नियम पाळीत नाही, तोही त्या न दिसणाऱ्या नुकसानीचा वाटेकरी आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. हा अपराध कोणाचा, आणि कोणत्या क्षणी घडतो? आमच्या अल्प बुद्धीप्रमाणे तो स्पर्शाच्या क्षणी घडत नाही. त्या क्षणी तरुण डॉक्टर थकलेला असतो, घाईत असतो, त्याच्या मनात औषधाचे प्रमाण किंवा नातेवाइकांचे रडणे असते. त्या क्षणी मनात प्रीती उचंबळून यावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. अपराध त्याच्या कितीतरी आधी घडतो: ज्या दिवशी जाणत्या माणसाने पहिल्याने मनाशी म्हटले की एवढ्याने काय होते, ज्या दिवशी वरिष्ठाने ते पाहून न पाहिल्यासारखे केले, ज्या दिवशी साबणाची मागणी फायलीत पडून राहिली. आणि पुण्यही त्याच प्रकारे आधीच घडते. जागेपणी, शांत मनाने, शंभर वेळा केलेली कृती एकशेएकाव्या वेळी, मन सुन्न झालेले असता, हात आपणहून करतात. चांगली सवय म्हणजे मन थकल्यावरही चालू राहिलेली प्रीती होय.

एक शेवटचा विचार आमच्या मंडळ्यांसाठी. आम्ही डॉक्टर नव्हे, पण वॉर्डात आम्हीही जातो. रुग्णभेट ही आमची जुनी आणि चांगली चाल आहे. पाळकसाहेब, पंच, महिला मंडळाच्या भगिनी खाटेपाशी उभ्या राहतात, आजाऱ्याचा हात हातात घेतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मग शेजारच्या खाटेवरचा अनोळखी मनुष्यही प्रार्थनेसाठी डोळ्यांनी विनवितो, आणि आम्ही त्याच्याकडे वळतो. ह्या दोन खाटांमध्ये वीस सेकंद थांबून हात स्वच्छ करावेत. प्रार्थनेत त्यामुळे खंड पडत नाही; ती तेव्हाच सुरू झालेली असते. सर्दी-ताप असेल तर त्या दिवशी जाऊ नये, फोनवरून प्रार्थना करावी. घरी बाळंतीण आणि नवे बाळ पाहावयास जाताना तर हे विशेष पाळावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची सूचना अशी की शेजाऱ्यावर प्रीती हा पाठ घेताना मुलांना विचारावे: जो शेजारी तुम्हांला दिसत नाही, ज्याचे नावही तुम्हांला कळणार नाही, त्याच्यासाठी तुम्ही आज काय केले? मुले विचारात पडतील. मग त्यांना व्हिएन्नाच्या त्या दोन विभागांची गोष्ट सांगावी. जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी ५ मे हा दिवस हातांच्या स्वच्छतेसाठी पाळते, आणि २०२३ साली त्याच तारखेला तिने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आणीबाणी संपली, म्हणून त्या आठवड्याच्या रविवारी ही गोष्ट सांगण्याचे कारण संपले असे नाही.

आणि जूनजुलैच्या सुमारास मंडळीतील एखादी मुलगी मेडिकलला किंवा नर्सिंगला निघाली, तर उपासनेनंतर आम्ही तिला पुढे बोलावितो, तिच्यासाठी प्रार्थना करतो, भेट म्हणून पवित्र शास्त्र देतो. त्या वेळी मंडळीतील कोणा वडीलधाऱ्या व्यक्तीने, शक्य असल्यास सेवानिवृत्त परिचारिकेने, तिला एवढे अवश्य सांगावे: बाई, तुझ्या पुढचे मोठे लोक कसेही वागोत, रुग्णाला हात लावण्यापूर्वी तू आपले हात धुऊन घे.